भाकरी की औषध? अरुणा शानबाग खटला आणि दयामरणाचा जुना प्रश्न

७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग प्रकरणात निकाल दिला. त्या निकालपत्राची सुरुवात कायद्याच्या कलमाने होत नाही, मिर्झा गालिबच्या एका शेराने होते. मरणाच्या आशेवर जगणाऱ्या आणि मरण दारापर्यंत येऊनही आत न येणाऱ्या माणसाचा तो शेर आहे. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजूंचा उर्दूचा शौक सर्वांना ठाऊक आहे आणि शेरही प्रसिद्धच. तरीही तो वाचताना मला दर वेळी एक गोष्ट खटकते. गालिबच्या शेरातला माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतो. मरण हवे आहे, असे तो स्वतः सांगतो. अरुणा शानबाग ३७ वर्षे एक अर्थपूर्ण शब्दही उच्चारू शकली नव्हती. तिला मरण हवे होते की नको, हे जगात कुणालाच माहीत नव्हते. भारतातला दयामरणाचा सगळा कायदा ज्या खटल्यावर उभा राहिला, त्या खटल्यात ज्याच्यासाठी मरण मागितले जात होते त्याचेच मत उपलब्ध नव्हते.

आपल्याकडे या खटल्याविषयी एक गैरसमज आहे. अरुणा व्हेंटिलेटरवर होती आणि तो काढायचा की नाही, एवढाच वाद होता, असे अनेकांना वाटते. तसे नव्हते. अरुणा स्वतःच्या श्वासावर जगत होती. तिचे हृदय कुठल्याही यंत्राशिवाय चालू होते. पिंकी विराणी यांच्या याचिकेत मागणी होती ती तिला अन्न भरवणे थांबवावे, ही. वाद घासाचा होता. हे एकदा ध्यानात घेतले की पुढचे बरेच काही वेगळे दिसू लागते.

अरुणा रामचंद्र शानबाग मूळची उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची. नर्सिंगसाठी मुंबईला आली, परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका झाली, तिथल्याच एका डॉक्टरशी तिचे लग्न ठरले. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याला बांधायची साखळी तिच्या गळ्याभोवती आवळून त्याने लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठच्या सुमारास ती रक्ताच्या थारोळ्यात सापडली. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने तो कायमचा निकामी झाला होता. डोळे उघडे असत, पण दृष्टी गेली होती. हल्लेखोराला चोरी आणि खुनाच्या प्रयत्नासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचे कलम लावलेच गेले नाही. सात वर्षांनी तो सुटला. अरुणा वॉर्ड क्रमांक ४ ला लागून असलेल्या एका खोलीत पडून राहिली.

त्या खोलीत काय घडत होते, ही या इतिहासातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि तिच्यावर फार कमी लिहिले गेले. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला होता. ऐंशीच्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी अरुणाला दुसरीकडे हलवण्याचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा परिचारिका आडव्या आल्या. तिच्यासोबत काम केलेल्या मैत्रिणी निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी नव्या मुली आल्या. त्यातल्या कित्येकींचा १९७३ साली जन्मही झाला नव्हता. पण अन्न मऊ करून भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे यात खंड पडला नाही. रुग्णालयाने न्यायालयाला सांगितले की, इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण झालेला नाही. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस ज्यांनी सांभाळले आहे, त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल. दोन महिने पडून असलेल्या आजीच्या पाठीला जखमा होतात. इथे ३७ वर्षे झाली होती.

आई-वडील वारले होते, बाकीचे नातेवाईक फिरकत नव्हते. लेखिका पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये अरुणावर पुस्तक लिहून तिचे प्रकरण जगापुढे आणले आणि २००९ मध्ये त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. विराणींच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. अशा अवस्थेतले शरीर जगवत ठेवणे हीच क्रूरता आहे, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. रुग्णालयाचे अधिष्ठाते आणि परिचारिका त्याच्या पूर्ण विरुद्ध बोलत होत्या. ती आवाज करते, चेहऱ्यावरून पसंती-नापसंती दाखवते, मासळीचे किंवा चिकनचे सूप दिले की खूश दिसते, भक्तिगीते लावली की शांत होते, असे त्यांचे म्हणणे. एक निवृत्त परिचारिका तर पगाराशिवाय तिची सेवा करायला तयार होती.

न्यायालयाने मुंबईतल्या तीन डॉक्टरांची समिती नेमली. समितीने तपासणीचे चित्रीकरण केले आणि ते न्यायदालनात सर्वांसमोर दाखवण्यात आले. खोलीत जास्त माणसे जमली की अरुणा अस्वस्थ होते, ओरडते, हे डॉक्टरांनीही पाहिले. पण ती जाणीवपूर्वक काही सांगते आहे, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. मेंदू मृत नाही, मात्र कायमच्या अचेतन अवस्थेची बहुतेक लक्षणे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे तोच चेहरा, तोच आवाज, आणि तीन वाचने. लेखिकेला त्यात यातना दिसत होती, परिचारिकांना आवड-निवड दिसत होती, डॉक्टरांना नुसती प्रतिक्षिप्त क्रिया दिसत होती. निकाल देताना न्यायालयाने ठरवले की, अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार जिने तिच्याविषयी लिहिले तिचा नसून ज्यांनी तिला रोज भरवले त्यांचा आहे. याचिका फेटाळली गेली. मात्र त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवण्याला, उच्च न्यायालयाच्या परवानगीने वाट करून दिली. नातेवाईक डॉक्टरांशी संगनमत करून मालमत्तेसाठी माणूस मारतील, ही भीती न्यायालयाने उघडपणे बोलून दाखवली होती. म्हणून ही परवानगीची अट.

हा वाद मुंबईत काही पहिल्यांदा होत नव्हता. १९८१ मध्ये मिनू मसानी यांनी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती. पुढच्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला विनोबा भावे गेले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही सोडली होती. कुराणाचा वर्षानुवर्षे अभ्यास करून ‘कुराण-सार’ संकलित करणारा हा माणूस जैन आणि वैदिक परंपरेच्या वाटेने गेला. देशाने ते आदराने पाहिले. त्या वेळी आत्महत्येचा प्रयत्न हा दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता, पण पवनारला पोलीस गेले नाहीत. ते गेले मारुती दुबळ यांच्याकडे. दुबळ हे मुंबई पोलिसातले शिपाई. अपघातानंतर त्यांचे मानसिक संतुलन बिघडले होते. पत्नीच्या दुकानाच्या परवान्यासाठी महापालिकेत खेटे घालून थकल्यावर त्यांनी तिथेच अंगावर रॉकेल ओतून घेतले. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे-पाटील यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवले. ज्याला जगणे असह्य झाले त्याला तुरुंगात टाकून काय साधणार, असा त्या निकालाचा रोख होता. पण त्याच निकालात दयेपोटी दुसऱ्याने मारणे हा मनुष्यवधच आहे, असे बजावलेले आहे. पुढे १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असे सांगून दुबळ निकालाची दिशा बदलली. आत्महत्या, प्रायोपवेशन, दयेने मारणे, उपचार सोडणे या चार गोष्टी एकाच पोत्यात भरून चाळीस वर्षे चर्चा चालली. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने जैनांच्या संथाऱ्याला आत्महत्या ठरवले तेही याच पोत्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निकालाला स्थगिती दिली.

अरुणाच्या निकालात न्यायालयाने सर्वाधिक आधार घेतला तो इंग्लंडच्या एका खटल्याचा. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डमधल्या हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरी झाली. त्यात टोनी ब्लँड नावाच्या तरुण प्रेक्षकाचा मेंदू निकामी झाला. तोही स्वतः श्वास घेत होता. नाकातून घातलेल्या नळीने त्याला अन्न दिले जाई. १९९३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की नळीने अन्न देणे हा वैद्यकीय उपचारच आहे. ज्या उपचाराचा उपयोग नाही तो थांबवता येतो. नळी काढली गेली आणि मार्च १९९३ मध्ये तो वारला. या एका पायरीवर, म्हणजे नळीतले अन्न हे औषध मानण्यावर, जगातल्या पुढच्या अनेक निकालांचा डोलारा उभा आहे.

इथे मला इमाम गझाली आठवतात. ११११ मध्ये तूस इथे वारलेल्या या पंडिताने ‘इहया उलूम अल-दीन’ या ग्रंथात तवक्कुल, म्हणजे अल्लाहवरच्या भरवशाचे प्रकरण लिहिले आहे. आजारी माणसाने औषध सोडले तर तो भरवसा म्हणायचा की आत्मघात, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. काही सूफी औषध नाकारत आणि त्याला श्रद्धा म्हणत. गझालींनी हानी टाळणाऱ्या साधनांच्या तीन प्रती केल्या. पहिली, ज्यांचा परिणाम खात्रीचा आहे: भुकेला भाकरी, तहानेला पाणी. दुसरी, ज्यांचा परिणाम संभवनीय आहे: रक्त काढणे, हिजामा, जुलाब आणि हकिमाची इतर औषधे. तिसरी, ज्यांचा परिणाम केवळ समजुतीतला आहे: डागणे, मंतरणे. तिसरी सोडणे हाच भरवसा. दुसरी घेतली तर भरवशाला बाधा नाही, आणि काही लोकांनी काही परिस्थितीत सोडली तरी गुन्हा नाही. पहिली मात्र सोडता येत नाही. मरणाची भीती असताना भाकरी-पाणी सोडणे हराम आहे.

नऊशे वर्षांपूर्वीच्या या विभागणीत ‘दयामरण’ हा शब्द नाही, व्हेंटिलेटर तर नाहीच. पण आजच्या वादाचे नेमके दुखणे तिथे सापडते. ज्यावर वाद आहे ती वस्तू भाकरीच्या रांगेत बसते की हिजामाच्या? व्हेंटिलेटर, डायलिसिस, केमोथेरपीची चौथी फेरी हे उघडच दुसऱ्या प्रतीचे. कधी कधी, मरण दारात असताना, तिसऱ्या प्रतीचेही. आणि परिचारिकेने चमच्याने भरवलेला मऊ घास? तो भाकरीच आहे, त्याला औषध म्हणण्यासाठी भाषेशी फार झटापट करावी लागते.

दयामरणाचा विषय निघाला की आपल्याकडे ‘हराम’ एवढा एक शब्द उच्चारून मोकळे होण्याची सवय आहे. जखमेच्या वेदनेने स्वतःचा हात कापून जीव देणाऱ्या माणसाची हदीस लगेच सांगितली जाते. ती बुखारी शरीफमध्ये आहे आणि तिचा अर्थ स्पष्ट आहे: वेदना असली तरी जीव घेण्याचा अधिकार नाही. विषारी सुई टोचण्याचा प्रश्न तिथे संपतो. पण त्याच बुखारी शरीफमध्ये हजरत इब्न अब्बास (र.) यांनी सांगितलेली एका अपस्मारग्रस्त स्त्रीची हकिकत आहे. ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे दुआ मागायला आली. तू सबर करशील तर जन्नत, आणि म्हणशील तर बरे होण्यासाठी दुआ करतो, असे त्यांनी तिला सांगितले. तिने सबर निवडले. विनंती एवढीच केली की झटक्यात अंगावरचे वस्त्र सरकू नये. फिकहच्या अनेक अभ्यासकांनी यावरून उपचार घेणे सर्वसाधारणपणे बंधनकारक नाही असे म्हटले. हजरत अबू बकर (र.) यांच्या शेवटच्या दुखण्यात लोकांनी हकीम बोलावू का असे विचारले, तेव्हा त्यांनीही नकारच दिला होता. गझाली हे दाखले देतात आणि लगेच बजावतात की, म्हणून औषध सोडणे प्रत्येकासाठी श्रेष्ठ ठरत नाही.

आणखी एक प्रसंग मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट रुग्णाच्या खोलीतला आहे. हजरत आयेशा (र.) सांगतात की, अंतिम आजारात प्रेषितांना ग्लानी आली असताना घरच्यांनी त्यांच्या तोंडाच्या कडेने औषध ओतले. या पद्धतीला लदूद म्हणत. देऊ नका, असा इशारा ते करत होते. घरच्यांनी तो पाहिला, पण आजारी माणसाला औषध नकोसे असतेच, असे समजून दुर्लक्ष केले. शुद्धीवर आल्यावर प्रेषितांनी जाब विचारला आणि खोलीतल्या सर्वांना तेच औषध पाजायला लावले. फक्त चुलते हजरत अब्बास (र.) सुटले, कारण ते त्या वेळी हजर नव्हते. जवळची माणसे, प्रेमाने, रुग्णाचा इशारा चुकीचा वाचतात. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यांवर बसून जो कुणी दोन रात्री जागला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

आधुनिक काळात उलेमांनी हे धागे पुढे नेले आहेत. १९८१ मध्ये कुवेतच्या परिषदेत तयार झालेल्या वैद्यकीय आचारसंहितेत दयेच्या हेतूनेही डॉक्टरने जीव घेऊ नये असे म्हटले आहे. आणि मरणाची प्रक्रिया यंत्रांनी ताणत राहणे निरर्थक आहे, हेही तिथेच म्हटले आहे. १९८६ मध्ये अम्मानमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह परिषदेने मेंदू पूर्ण आणि कायमचा थांबल्याचे तज्ज्ञांनी ठरवल्यावर व्हेंटिलेटर काढण्याची मुभा दिली, हृदय यंत्रामुळे चालू असले तरी. अरुणाची स्थिती मात्र या ठरावाबाहेर राहते. तिचा मेंदू मृत नव्हता.

तरी एक गाठ सुटत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये अरुणाला मलेरिया झाला आणि त्यानंतर तिला नाकातल्या नळीने अन्न द्यावे लागले. मग तो घास भाकरी राहिला की औषध झाला? नळी हकिमाची, पण नळीतून जाणारी पेज स्वयंपाकघरातली. माझा कल परिचारिकांच्या बाजूचा आहे. घास द्यायचा मार्ग बदलला म्हणून घास बदलत नाही. पण हे मत मी परळच्या त्या खोलीपुरते मांडतो, जिथे भरवणारे हात तयार होते आणि थकले नव्हते. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका तरुणाचे म्हातारे होत चाललेले आई-वडील आले. मुलगा अकरा वर्षे अंथरुणावर, अन्न नळीने. न्यायालयाने सांगितले की तो कुठल्याही जीवनरक्षक यंत्रावर नाही, अन्न थांबवणे म्हणजे उपाशी मारणे होईल. हे ब्लँडच्या उलट आणि गझालींच्या जवळचे उत्तर. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तत्त्व मला पटते. पण आमच्यानंतर याला कोण भरवणार, हे त्या आई-वडिलांच्या मनातले भय तत्त्वाने मिटत नाही. भाकरी सोडता येत नाही असे म्हणणाऱ्या समाजाला ती भरवणारे हातही पुरवावे लागतात. गझालींच्या काळात बगदादच्या बीमारिस्तानांचा खर्च वक्फमधून चाले.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि शुद्धीत असतानाच उपचारांविषयीची इच्छा लिहून ठेवण्याची सोय केली. सुरुवातीला त्या कागदावर दंडाधिकाऱ्याची सही लागत असे. २०२३ मध्ये नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरवण्यात आला. लदूदच्या प्रसंगातला तो इशारा आता कागदावर उतरवता येतो, असे मी याकडे पाहतो. आपल्या घरांत वसीयत लिहिण्याची परंपरा आहे. जमीन, घर, कर्ज, मेहर यांची नोंद होते. शेवटच्या दुखण्यात यंत्रावर ठेवायचे की घरी न्यायचे, याची दोन ओळींची नोंद त्यात फारशी कुणी करत नाही.

आणि बहुतेकांच्या बाबतीत निर्णय ना न्यायालय घेते ना मुफ्ती. तो बिल घेते. आठवडाभर व्हेंटिलेटर, मग दागिने, मग रिक्षा, मग उसनवारी. मग एक दिवस ‘डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेत आहोत’ या कागदावर थोरला मुलगा सही करतो. त्या सहीला कायद्यात दयामरण म्हणत नाहीत. पण जनाजानंतर कितीतरी दिवस तो मुलगा इमामसाहेबांना हळू आवाजात विचारत राहतो, अब्बाला मी मारले का? गझालींच्या तराजूत याचे उत्तर आहे आणि ते ‘नाही’ असे आहे. ज्याचा उपयोग संपला होता आणि जे ऐपतीबाहेर होते ते दुसऱ्या प्रतीचे साधन त्याने सोडले, घरी आणून ओठांना पाणी लावणे सोडले नाही. हे उत्तर त्याला सहीच्या आधी मिळायला हवे होते, त्यासाठी ते मशिदीत आणि दवाखान्यात दोन्हीकडे माहीत असायला हवे.

अरुणा शानबाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. तिला कुणी मारले नाही आणि तिचा घासही कुणी तोडला नाही. मृत्यूनंतर नातेवाईक आले. अंत्यविधी कुणी करायचे यावर रुग्णालयात थोडी कुरबुर झाली, कारण परिचारिका तिला आपल्या घरचीच मानत होत्या. शेवटी भोईवाड्याच्या स्मशानात केईएमचे अधिष्ठाते आणि तिचा भाचा, दोघांनी मिळून तिला अग्नी दिला.